मनोरीच्या बडाखान्याचे पैसे

अहो,

आधीच सांगते, अक्षराला हसू नका. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते वाण्याची यादी आणि फॉर्मावरची सही, एवढंच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, ओळ चालता चालता खाली घसरेल, एखादा काना राहून जाईल. माफ करा. माजी सैनिकांच्या शाखेच्या रजिस्टरातलं तुमचं अक्षर बघून कदमसाहेब म्हणायचे, "सावंत, तुला तोफेवर कशाला उभा केला, ऑफिसात बसवायला हवा होता." तसल्या माणसाला मी असल्या अक्षरात लिहिते आहे. पण दुसऱ्या कुणाकडून लिहून घेण्यासारखं हे नाही.

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले. उद्या महिन्याचा पहिला रविवार, शाखेची बैठक. उद्या मला शेवटचे सहा हजार द्यायचे आहेत. कसले, ते तुम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नसताना गेलात, आणि ते माझ्यामुळे. म्हणून लिहायला बसले.

शाखा लॉकडाऊनमध्ये बंद पडली ती पडलीच. आधी बैठका थांबल्या. मग खजिनदार कांबळे वारले. कोण विरारला राहायला गेलं, कोण कायमचं गावी. व्यायामशाळेच्या मागची खोली, जिथे तुम्ही सगळे माजी सैनिक दर महिन्याला जमायचा, तिथे मंडळाने गणपतीचं सामान भरून ठेवलं. दर सणाला तुम्ही म्हणायचात, "यंदा सुरू करू." आणि मी मनात म्हणायचे, नको सुरू होऊ दे. आज खरं सांगते. मला त्या चाळीस कप चहाचं काही नव्हतं. तो ट्रे घेऊन खोलीत जायचं, त्याने माझे हात कापायचे. मी दारातच ट्रे ठेवायचे. हाक मारायची लाज, आणि मारली तरी ऐकू कुणाला जाणार? तोफखान्यातली माणसं, अर्ध्यांचे कान तोफांनी नेलेले. म्हणून मी दाराजवळचं दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करायचे. शिंदे ओरडायचे, "आला, वहिनींचा सिग्नल आला!" मग कुणीतरी उठून ट्रे न्यायचं. तुम्ही हसायचात. घरी आल्यावर म्हणायचात, "पंचवीस वर्षं झाली, अजून ती माणसं तुला परकी?"

परकी नव्हती हो. मला माझीच लाज वाटायची.

मग गेल्या दिवाळीनंतर तुम्ही खरंच उठलात. दुखरा गुडघा घेऊन घरोघर फिरलात, नालासोपाऱ्यापर्यंत गेलात. घरटी हजार रुपये गोळा केलेत. मनोरीला एक दिवस जायचं, मार्व्याहून होडीने, तिथल्या एका बंगल्यात बडाखाना करायचा. पलटणीत असतो तसा, मोठ्या हुद्द्याच्या माणसाने हातात डाव घ्यायचा आणि लहान हुद्द्याच्याला वाढायचं. त्यात आपल्या शाखेची एक रीत तुम्हीच घातलेली. ज्यांचे घरधनी गेले, त्या बायका पहिल्या पंगतीला, आणि त्यांना वाढणार खुद्द सुभेदार, म्हणजे आपले कदमसाहेब.

पैसे ठेवायची पंचाईत झाली तेव्हा तुम्ही मला बोटं मोजून सांगितलंत. बँकेतलं खातं दोन सह्यांचं, एक तुमची, एक कांबळ्यांची. कांबळे गेले, आता दुसरी सही बदलायला सभा हवी. सभेला माणसं हवीत. माणसं यायला कार्यक्रम हवा. कार्यक्रमाला पैसे हवेत. आणि पैसे ठेवायला खातं हवं. पाचवं बोट मोडून तुम्हीच हसलात. मग ते पैसे आपल्या काळ्या ट्रंकेत गेले, जिच्यावर पांढऱ्या रंगाने तुमचा नंबर आणि नाव आहे. छत्तीस घरं, छत्तीस हजार.

आपलं शेवटचं भांडण त्या बडाखान्यावरूनच झालं. तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले.

"यंदा तू चुलीकडे जायचं नाहीस," तुम्ही म्हणालात. "बाहेर बसायचं. आणि दोन शब्द बोलायचे."

"कोणी, मी?"

"मग काय तुझ्या वतीने मी बोलू? बायकांना शाखेत घ्यायचं ठरवलंय. सेक्रेटरीचीच बायको दारामागे लपली, तर बाकीच्या कशाला येतील?"

"मला नाही जमायचं."

"तुका काय वाघ खातलो काय?" तोंडातून मालवणी निघालं की तुम्ही चिडलात हे मला कळायचं.

"मी मनोरीला येतच नाही. मिटला प्रश्न."

"नको येऊ."

दोन दिवस आपण ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘हां’ याच्यापलीकडे बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, पानावरून उठताना, तुम्ही भिंतीला हात लावलात. मला वाटलं गुडघा. तुम्ही म्हणालात, "जरा बसतो," आणि बसला नाहीत, पडलात.

शेजाऱ्यांनी रिक्षात घातलं. मिलिटरीचं हॉस्पिटल पार कुलाब्याला. तेवढा वेळ नाही, असं सगळेच म्हणाले. जवळ जो दवाखाना होता तिथे नेलं. काउंटरवरच्या माणसाला मी तुमचं मिलिटरीचं कार्ड दाखवलं. तो म्हणाला, हे इथे चालत नाही, आधी डिपॉझिट भरा, मग पुढचं बघू. त्याने आकडा सांगितला. बँकेतलं जे होतं ते तुमच्या एकट्याच्या नावावर. माझ्या बटव्यात चारशे रुपये होते. पाटल्या तर ही खोली घेताना विकलेल्या.

अहो, कदमसाहेबांचा नंबर फोनमध्ये होता. तुम्हीच वर टाकून ठेवला होतात, बटण दाबलं की लागणार. मी तीनदा काढला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणजे मला त्या दवाखान्यात सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागणार, माझ्याकडे पैसे नाहीत. मला लाज वाटली. तुम्ही आत पडलेले, नाकात नळी, आणि मला लाज वाटली. हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेलं नाही, कांबळ्यांच्या कमललासुद्धा नाही.

मी घरी पळाले आणि ट्रंक उघडली.

पहिल्या दिवशी पंचवीस हजार गेले. उरलेले औषधांत गेले. ती बिलं नीट ठेवली असती तर पुढे पैसे परत मागता आले असते म्हणे. मला कुठलं माहीत? तुमच्या चादरी टाकल्या त्यांच्याबरोबर बिलांची पिशवीही मी टाकून दिली.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही चांगले बोललात. चहा मागितलात. मग हळूच म्हणालात, "काय गो, ट्रंक बंद आहे ना? पैसे नीट?"

मी म्हटलं, "हो."

"कुणाला देऊ नको. घरी आलो की मनोरीवाल्याला आगाऊ नेऊन देतो."

मी म्हटलं, "हो."

तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही नळी काढून घरी चालत आला असतात, हे मला माहीत होतं. शाखेच्या पैशाचा चहासुद्धा तुम्ही कधी प्यायला नाहीत, घरून पावडर न्यायचात. तुमचा जीव वाचवायला खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. पण जीव वाचला नाही. खोटं तेवढं राहिलं.

तेरावं झालं आणि कदमसाहेब नि शिंदे आले. कदमसाहेब खुर्चीत बसले, टोपी मांडीवर. बराच वेळ तुमच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, घाई नाही. पण सावंतने मनोरीचे पैसे कुठे ठेवले, काही बोलला होता का?"

मी पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. नाही अशी.

"ट्रंकेत ठेवतो म्हणाला होता," शिंदे म्हणाले. "बघायची का?"

मी ट्रंक उघडून दिली. तुमचा गणवेश, पदकांची डबी, शाखेचं रजिस्टर. शिंद्यांनी गणवेशाखाली हात घालून बघितलं. मी बघत उभी राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं.

ते गेले. मी दार लावलं. शिंदे जिन्यात कदमसाहेबांच्या कानाशी कुजबुजले. पण तुमची ही माणसं कुजबुजतात ते चार मजल्यांना ऐकू जातं.

"साहेब, सावंतनेच खर्च केले असणार. गरज कुणाला नसते?"

कदमसाहेब म्हणाले, "गप्प बस."

"मी काय म्हणतो, मेलेल्या माणसाचं काढू नये. पण छत्तीस घरांना काय सांगायचं?"

मी दाराच्या आत होते. कडीवर माझा हात होता. कडी काढायची, दोन शब्द बोलायचे. नाही काढली. त्यांची पावलं खाली गेली, गेटबाहेर गेली, तरी मी तशीच. आपल्या नवऱ्याला कुणी चोर म्हणालं आणि मी दाराआड ऐकत राहिले.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत. स्वैपाक करायचे आणि झाकून ठेवायचे. तुमच्या बाजूची उशी उन्हात टाकायचे, पुन्हा आत आणायचे. तुमच्यावरच रागवायचे. आपल्याला मूलबाळ नाही, निदान एक माणूस तरी ठेवून जायचं होतं, ज्याच्याशी मला बोलता येईल. असं काही तोंडात यायचं आणि मग मी तोंडावर हात ठेवायचे. एकदा वाटलं, आपणही संपावं. तुम्ही चिडाल म्हणून लिहीत नव्हते, पण लिहिलं. त्या दिवशी मी गॅसजवळ फार वेळ उभी होते. मग दूध उतू गेलं आणि ते पुसायला लागले.

त्यात पेन्शन अडली. ऑफिसातल्या बाईने कागद उलटसुलट करून सांगितलं, नवऱ्याच्या नोंदीत माझी जन्मतारीख नाही, आणि दोघांचा एकत्र फोटो द्या. आपला एकत्र फोटो एकच, लग्नातला. त्यात माझी मान खाली. तिने भिंग लावून बघितलं आणि म्हणाली, "यात बाई कुठेय? हा तर पदर आहे."

अहो, दर रविवारी तुम्ही कुणा ना कुणा बाईचे कागद घेऊन बसायचात. हिची जन्मतारीख, तिचं नाव, हिला दाखला, तिला फोटो. दोन वर्षांपूर्वी मी एकदाच म्हटलं होतं, माझेही बघून ठेवा. तर म्हणालात, "मी कुठे एवढ्यात मरतोय? आधी ज्यांचं अडलंय त्यांचं." ते भांडण मी तेव्हा केलंच नाही. आता करते आहे. तुम्ही साऱ्या शाखेच्या बायकांना मार्गाला लावलंत आणि माझाच कागद राहिला. का हो? मी मागितलं नाही म्हणून? मी कधी काय मागितलं होतं तुमच्याकडे?

कमल आली ती त्याच आठवड्यात. कांबळ्यांची कमल. तिचं बोलणं तुम्हाला माहीतच आहे. दारातूनच म्हणाली, "काय गं सुमती, मेलीस का? बघायला आले."

मी पेन्शनचं सांगितलं. ती आधी हसली. "दिव्याखाली अंधार! माझे कागद भाऊजींनी चार हेलपाटे घालून केले, आणि घरच्या बाईचे नाहीत?" मग हसता हसता तिने माझा चेहरा बघितला. "आणखी काय आहे? पेन्शनसाठी माणूस एवढं काळं पडत नाही."

मी बोलले. ट्रंक, दवाखाना, तुम्हाला म्हटलेलं ‘हो’, जिन्यातलं शिंद्यांचं बोलणं. फोनचं तेवढं नाही सांगितलं.

कमलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग सांग की त्यांना."

"माझ्याच्याने बोलवत नाही."

"माझ्याशी बोललीस ती काय मुकी होतीस?"

"तू बाई आहेस. मी तुला सांगते, तू त्यांना सांग."

"अजिबात नाही. मी सांगितलं तर काय म्हणतील? कांबळीणबाई मैत्रिणीला वाचवायला आली. नवरा तुझा, तोंड तुझं." उठताना म्हणाली, "रविवारी कदमसाहेबांनी बैठक ठेवलीय. खोली रिकामी केलीय मंडळाने. मी तुला न्यायला येणार, आणि न आलीस तर इथून ओरडत नेईन, बिल्डिंग बघेल."

लॉकडाऊननंतरची ती पहिली बैठक. तुम्ही जिच्यासाठी गुडघे झिजवलेत ती. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. सव्वीस माणसं आली होती, मी मोजली, कारण वर बघायची हिंमत नव्हती म्हणून पायच मोजत होते. कदमसाहेबांनी तुमच्यासाठी सगळ्यांना उभं केलं. बसल्यावर शिंदे म्हणाले, "आता मनोरीच्या पैशांचा विषय." आणि कमलने मला कोपर मारलं.

मी उभी राहिले. म्हटलं, "ट्रंकेतले पैसे मी घेतले."

कदमसाहेबांनी कानाला हात लावला. "काय म्हणाल्या?"

"पैसे मी घेतले."

मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज, आवाज! ऐकू येत नाही."

आयुष्यात मी कधी ओरडले नव्हते. तुमच्यावरही नाही. त्या खोलीत ओरडले. "पैसे मी घेतले! दवाखान्यात भरले! यांना माहीत नव्हतं! यांनी विचारलं तर मी खोटं सांगितलं! यांनी एक रुपया घेतलेला नाही!" व्यायामशाळेतली मुलं वजनं ठेवून बघायला लागली.

मग शिंदे उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "वहिनी, त्या दिवशी जिन्यात मी जे बोललो..."

"ऐकलं मी," मी म्हटलं.

"पण मी तर हळू बोललो होतो."

"तू आणि हळू!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले आणि लगेच थांबले. शिंदे खाली बसले आणि त्यांनी रुमाल काढला.

कदमसाहेब म्हणाले, "विषय संपला. सावंतसाठी गेले ते पैसे. शाखेने सोडून दिले. कुणाची हरकत?" कुणाचीच नव्हती. त्या सव्वीस माणसांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

पण मी म्हटलं, "माझी आहे."

तुमची बायको म्हणाली हे. तुम्ही बघायला हवं होतं. "तुम्ही सोडून दिलेत तर लोक म्हणतील, सावंतांचं शाखेने झाकलं. आज तुम्ही इतके आलात. जे आले नाहीत त्यांना काय कळणार? मी फेडीन. माझ्या नावाने लिहा."

"कुठून फेडणार, वहिनी?"

"ते मला माहीत नाही."

कदमसाहेबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "ठीक. लिहून घ्या. पण एक. पैसे पुरे झाल्याशिवाय मनोरी नाही. मधल्या मध्ये दुसरी वर्गणी काढून जायचं नाही. सावंतने गोळा केलेल्या पैशानेच जायचं."

त्यांनी मान ठेवला, हे मला कळलं. पण ओझंही ठेवलं. छत्तीस घरांचा बडाखाना माझ्या एकटीच्या हातावर थांबला.

तेव्हापासून सकाळी पाचला स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात जाते. अडीचशे-तीनशे पोळ्या लाटते. संध्याकाळी समोरच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा स्वैपाक करते. महिन्याला सहा हजार बाजूला काढते, उरलेल्यात राहते. मनगट सुजतं. रात्रभर ठणकतं. एका महिन्यात ताप आला, आठ दिवस गेले नाही, तर पैसे कमी पडणार म्हणून मी वेड्यासारखी झाले. कमल म्हणाली, पुढच्या महिन्यात दे. मी तापातच गेले. केंद्राची मालकीण म्हणाली, "मावशी, पोळीपेक्षा तुम्हीच जास्त तापलाय." बसवून घेतलं मला, पीठ मळायला दिलं.

शाखेचं सांगते. तुम्हाला तेच आधी हवं असेल. बैठका दर महिन्याला होतात. शिंदे सेक्रेटरी झाले. दुसऱ्या सहीचा प्रश्न सुटला, कमलला खजिनदार केलं. कदमसाहेबांनीच नाव सुचवलं. कुणीतरी पुटपुटलं, बाई? कमल म्हणाली, "तुमच्या पलटणीचा हिशोब माझा नवरा ठेवायचा आणि त्याचा हिशोब मी ठेवायचे."

आणि बायका येतात. ते असं झालं की दुसऱ्या बैठकीला मी शिंद्यांच्या बायकोला सहज विचारलं, तुमची जन्मतारीख यांच्या नोंदीत आहे का? तिला माहीत नव्हतं. शिंद्यांना विचारलं तर म्हणाले, "असेल की. आणि मी काय एवढ्यात मरतोय?" नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. पुढच्या बैठकीला ते सगळे कागद घेऊन आले, बायकोसकट. मग एकेक करून बाकीचे. आता चहाच्या आधी कागद. व्यायामशाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर जोडपी उभी करायची आणि एकत्र फोटो काढायचा. ते काम कमलचं. "जवळ उभे राहा, जवळ! चाळीस वर्षांत चावली नाही, आता काय चावणार? वहिनी, मान वर. पदर मागे. तुमचा फोटो आहे, देव्हाऱ्याचा नाही." सगळी खोली हसते. मीही हसते. नंतर मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहते.

चहा मीच करते. अजून ट्रे नेताना हात कापतात. पण नेते आत.

तुमचं खरं होतं, हे सांगायचं राहिलं. बायका येतील म्हणाला होतात, त्या आल्या. मी बाहेर आले तर येतील म्हणाला होतात, तेही खरं निघालं. पण मला बाहेर काढायला तुम्ही असं जायला नको होतं हो. मी आले असते. आणखी दोनदा भांडला असतात, आणखी चारदा वाघाचं नाव काढलं असतंत, तर आले असते मनोरीला. आता गेले तर पहिल्या पंगतीला बसायचं, सुभेदारांच्या हातचं खायचं. तुमच्या रीतीने मी तिथलीच. तुम्ही ती रीत घातलीत तेव्हा ते पान कुणासाठी मांडत होतात?

एक गोष्ट आणखी. मला उद्याची भीती वाटते. पैसे कमी पडतील म्हणून नव्हे, ते तयार आहेत, डब्यात आहेत. रोज पहाटे पोळी लाटताना मी मनात तुम्हाला सांगायचे, आज इतक्या झाल्या, आता इतकेच राहिले. तुम्हाला सांगायला काहीतरी असायचं. त्याच्यावर मी उठत होते. परवापासून काय सांगू? उठू कशासाठी? पेन्शन अजून आलेली नाही. येईल तेव्हा येईल. पोटापुरतं लाटत राहीनच. पण पोटासाठी माणूस असा उठत नाही. कमलला हे म्हटलं तर ती म्हणाली, "वेडी आहेस, कर्ज फिटतंय म्हणून कोण रडतं?" मी रडते.

थांबते. दिव्याचं बिल वाढतं.

*

आज रविवार. बैठकीहून आत्ताच आले. पायांतल्या चपला अजून काढल्या नाहीत.

बत्तीस जण होते. आठ बायका. मी डबा कमलसमोर ठेवला. तिने मोजले. पन्नासच्या, वीसच्या, दहाच्या नोटा, केंद्रात मिळतात तशा, पिठाचा वास येणाऱ्या. मग कदमसाहेब म्हणाले, "इकडे आणा," आणि त्यांनी पुन्हा मोजले. एक नोट दुमडली होती, ती सरळ केली. शिंदे चष्मा लावून रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. म्हणाले, "वाचा, वहिनी. चूक असेल तर सांगा."

मी अक्षर लावत वाचलं. त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं, मागच्यांसाठी. मी मोठ्याने वाचलं. हवालदार दत्ताराम सावंत यांनी मनोरीसाठी जमवलेली रक्कम त्यांच्या आजारपणात त्यांच्या पत्नीने त्यांना न सांगता खर्च केली होती. ती रक्कम श्रीमती सुमती सावंत यांनी स्वतःच्या कमाईतून भरली. हवालदार सावंत यांच्याकडे शाखेचं काहीही येणं नव्हतं आणि नाही.

मागच्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

खाली कदमसाहेबांची सही, कमलची सही, शिंद्यांची. मग माझी. माझी सर्वांत वाकडी आहे, रेघ सोडून खाली गेली आहे, पण वाचता येते.

उद्या कमल हे शेवटचे सहा हजार बँकेत भरणार आहे. छत्तीस हजार, पूर्ण.